माझ्याकडून चट्टे, हिच्याकडून आवाळू

आमच्या घरातला सोरायसिस माझ्या बाजूचा. वडिलांच्या दोन्ही कोपरांवर आणि डोक्यात मागच्या अंगाला पांढरट खवल्यांचे चट्टे होते. ते त्याला गजकर्ण म्हणायचे, करंजाचं तेल चोळायचे आणि डिसेंबरात खाज वाढली की आईवर चिडायचे. डॉक्टरला दाखवल्याचं मला आठवत नाही. पंचविशीनंतर तेच माझ्या गुडघ्यांवर उमटलं, तेव्हा मी डी. फार्म. होऊन नाशिकला अशोक स्तंभाजवळच्या एका मेडिकलमध्ये नोकरीला होतो. निदान मीच केलं आणि औषधही मीच काढलं, क्लोबेटासोलची ट्यूब. चट्टे झटक्यात गेले. लावणं थांबवल्यावर गेले त्याच्या दुप्पट जोमाने परत आले. मग पुन्हा ट्यूब. मांड्यांवर त्या काळातल्या आडव्या रेषा अजून आहेत. २०१८ मध्ये सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत, टाकली, तेव्हा आमच्या धंद्यातले बरेच जण कुरकुरले. मी कुरकुरलो नाही, पण त्याआधी मीही ती साबणासारखी विकली होती.

त्या ट्यूबचं रडगाणं इथे गायचं नाही. पण त्या वेळी लागलेली खोड पुढच्या सगळ्या चुकांच्या मुळाशी आहे. औषधांचं कपाट पाठीमागे असलं की माणूस हात लांबवतो. चिठ्ठी मागायला समोर कुणी नसतं, कारण गिऱ्हाईकही आपणच आणि दुकानदारही आपणच.

दुसरी गोष्ट जरा लाजेची आहे. लग्न ठरताना मी सासऱ्यांना सोरायसिसचं सांगितलं नाही. निफाड तालुक्यात एप्रिलच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून मुलगी पाहायला गेलो होतो. पोहे खाताना मनगटाचं बटण सुटलं, ते लावायला मी जो वेळ घेतला त्यावरून सासूबाईंना मी फार टापटिपीचा वाटलो, असं नंतर कळलं. हिला लग्नानंतर समजलं. ती म्हणाली, “आधी सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.” भांडली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून घरात कुणाला काहीही झालं की माझा पहिला विचार ठरलेला असे, हे माझ्या रक्तातून आलं. मुलीला दमा वाटला, माझ्यामुळे. मुलाच्या डोक्यात कोंडा, माझ्यामुळे. (कोंडा खरंच माझ्यामुळे होता. तो सोरायसिस निघाला.)

अपराधी माणूस फार वाचतो. पंचवटी कारंजाजवळ स्वतःचं दुकान टाकल्यावर दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसे, तेव्हा मी सोरायसिसच्या आनुवंशिकतेवर जे मिळेल ते वाचून काढलं. सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाजूवर एचएलए नावाच्या जनुकांचा पट्टा आहे. शरीरातलं आपलं कोण आणि परकं कोण हे प्रतिकारशक्तीच्या पेशींना दाखवण्याचं काम या जनुकांपासून बनणारी प्रथिनं करतात. त्यातला एचएलए-सी*०६:०२ हा प्रकार सोरायसिसशी सगळ्यात घट्ट बांधलेला आहे. १९८५ मध्ये हेन्सेलर आणि क्रिस्टोफर्स या जर्मन त्वचारोगतज्ज्ञांनी सोरायसिसचे दोन गट केले. चाळिशीच्या आत सुरू होणारा, घरात आधी कुणाला असलेला आणि या एचएलएशी जोडलेला, हा पहिला. उशिरा येणारा आणि घराण्याशी फारसा संबंध नसणारा, हा दुसरा. मी पहिल्या गटात चपखल बसलो. आईवडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याची शक्यता साधारण १४ टक्के, दोघांना असेल तर ४० च्या आसपास, असे आकडे पुस्तकांत असतात. हा एचएलए प्रकार अंगात असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर एकही चट्टा येत नाही, हेही त्याच पुस्तकांत होतं. ते वाक्य मी वाचलं आणि पुढे गेलो.

नंतर कुठे तरी वाचलं की सोरायसिसच्या, विशेषतः सांधे धरलेल्या सोरायसिसच्या रुग्णांत थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार इतरांपेक्षा जास्त सापडतो. माझ्या डोक्यात लगेच एक सरळ रेघ ओढली गेली. चट्टे म्हणजे प्रतिकारशक्ती बिघडलेली, ती उद्या थायरॉइडवरही जाणार. मग मी नियम केला की घरात ज्याला चट्टे आहेत त्याचा टीएसएच दरवर्षी बघायचा. माझा बघितला, कायम व्यवस्थित. मुलाचा तेव्हा व्यवस्थित. मुलीच्या अंगावर चट्टा नाही, नखांवर सुईने टोचल्यासारखे खड्डे नाहीत, डोकं स्वच्छ. ती माझ्या यादीतच नव्हती. हिचा तर प्रश्नच नव्हता, ती दुसऱ्या घरातून आलेली.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तिला घाम यायचा, हात थरथरायचे, छातीत धडधडायचं. वजन भराभर उतरलं. बारशाला आलेल्या बायका म्हणाल्या, “किती लवकर सावरली!” मीही खूश. धडधडीचं कारण मी रात्रीच्या जागरणावर टाकलं आणि लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सुरू ठेवल्या. दीड-दोन महिन्यांनी चित्र उलटं झालं. चेहरा सुजल्यासारखा, पोट साफ नाही, भर दुपारी गोधडी अंगावर. बाळ रडत असलं तरी उठायला तिला वेळ लागायचा. केस तर मुठीने गळत होते. न्हाणीच्या जाळीवर साचलेला गुंता हिने मला आणून दाखवला. मी दुकानातून बायोटिन आणलं, दहा मिलिग्रॅमचं. “बाळंतपणानंतर केस जातातच, येतील.”

“तिला काहीतरी होतंय,” ही म्हणाली.

“होतंच असं.”

“मला नव्हतं झालं.”

हिच्या हट्टापायी रक्त तपासलं. लॅबचा मुलगा सकाळी घरी येऊन नमुना घेऊन गेला, संध्याकाळी रिपोर्ट मोबाइलवर. टीएसएच जवळजवळ शून्य, टी-फोर वर. मी चष्मा वर करून हिला सांगितलं, “थायरॉइड जास्त झालंय.” कार्बिमाझोल कपाटात होतं. त्या दिवशी मी ते काढलं नाही. त्याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही, बाळ अंगावर पीत होतं म्हणून हात थबकला.

गंगापूर रोडच्या एका फिजिशियन मॅडमकडे आम्ही तिघं गेलो. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी नाडी धरली. मग मुलीला खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं आणि मागून घोट्याच्या शिरेवर छोट्या हातोडीने टिचकी दिली. पाऊल खाली गेलं आणि सावकाश, आळसावल्यासारखं वर आलं. मॅडमनी पुन्हा टिचकी दिली आणि मला म्हणाल्या, “बघा. नाडी छप्पन्न, पाऊल असं येतंय, आणि कागद म्हणतो थायरॉइड जोरात आहे. दोघांतलं एक खोटं आहे. ही काय काय घेते?”

मी यादी सांगितली. लोह, कॅल्शियम, बी-ट्वेल्व्ह. बायोटिन शेवटी आलं, तेही हिने आठवण करून दिल्यावर.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. थायरॉइडच्या बऱ्याच तपासण्यांत बायोटिन आणि स्ट्रेप्टाव्हिडिन ही जोडी वापरलेली असते. रक्तातच बायोटिनचा पूर असला की यंत्रातली ती जोडी जुळत नाही. मग टीएसएच खोटा खाली दिसतो आणि टी-फोर खोटा वर. त्यात लॅबची काही चूक नसते, यंत्र सांगायचं ते सांगतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी औषधविक्रेता. इशारा माझ्यासारख्यांसाठीच होता, आणि मी मात्र ते ‘केसांचं व्हिटॅमिन, त्याने काय होतंय’ या भावात वाटत होतो. बायोटिन बंद करून काही दिवसांनी तीच तपासणी केली. टीएसएच ४८, म्हणजे थायरॉइड मंद. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं, यंत्राच्या वरच्या मर्यादेपलीकडे.

याला बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस म्हणतात. आधी ग्रंथीला सूज येऊन साठवलेलं संप्रेरक रक्तात सांडतं, त्याची धडधड. मग साठा संपतो आणि ग्रंथी गारठते. अँटी-टीपीओ आधीपासून असलेल्या बायकांपैकी एक तृतीयांश ते निम्म्यांना हा त्रास होऊ शकतो. कित्येकींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची नाही. आमच्या मुलीची सावरली नाही, तिची थायरॉक्सिनची गोळी आजही चालू आहे. पहिले दोन महिने ती गोळी मी तिला सकाळी चहासोबत, लोह-कॅल्शियमबरोबर एकत्रच देत होतो. रिकाम्या पोटी आणि या दोन गोळ्यांपासून चार तास लांब, हे मी रोज गिऱ्हाइकांना तोंडपाठ सांगतो. घरात सांगायला विसरलो.

खरी फजिती त्या पहिल्या भेटीतच झाली होती. मॅडमनी विचारलं, “घरात कुणाला थायरॉइड?” मी पुढे सरसावलो. “मॅडम, मला सोरायसिस आहे. माझ्या वडिलांनाही होता. एचएलए-सी...” मी दोन-तीन मिनिटं बोलत होतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि हिच्याकडे वळल्या. “तुमच्या माहेरी?”

ही म्हणाली, “माझ्या आईच्या गळ्याला आवाळू होतं. नाशिकलाच ऑपरेशन झालं होतं. मावशीला सकाळची गोळी आहे. आणि मामेबहिणीच्या हातांवर कोड.”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. सासूबाईंच्या गळ्यावरची ती शिवण मी लग्नापासून पाहत आलो होतो. आयोडीनचं मीठ नीट मिळत नव्हतं त्या काळातलं काहीतरी, असं धरून चाललो होतो. मला कुणी काही लपवलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. लपवणारा मी होतो म्हणून दोष शोधायचा तोही माझ्याच घराण्यात, असा माझा हिशेब. हिच्या घराण्यात काही असू शकतं हा विचारही मला एक प्रकारचा उद्धटपणा वाटला असता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, “मला कधी सांगितलं नाहीस.” ती म्हणाली, “तुम्ही तुमच्या चट्ट्यांतून वर बघितलंत कधी?”

मग पुन्हा वाचायला बसलो, या वेळी दुसऱ्या टोकाने. १९१२ मध्ये जपानातल्या क्यूशूचे तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी चार बायकांच्या काढलेल्या गलगंडांत पांढऱ्या पेशींची दाटी पाहून ठेवली होती. तिचा अर्थ लागायला १९५६ उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये रॉइट, डोनियाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच थायरॉइडविरुद्धची प्रतिद्रव्यं सापडली. हा आजार घराण्यात चालतो यात वाद नाही. डेन्मार्कमधल्या जुळ्यांच्या पाहणीत, हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला तो असेल तर दुसऱ्यालाही असण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर निघालं. म्हणजे जनुकं तंतोतंत तीच असूनही जवळपास निम्मे वाचतात. बाळंतपण, आयोडीनचं कमीजास्त होणं आणि बाई असणं, हे सगळं त्यात येतं. सोरायसिस बायका-पुरुषांना सारखाच होतो. थायरॉइडचा हा आजार बायकांत कित्येक पटींनी जास्त. एवढा एक फरक पाहूनच माझ्या सरळ रेघेबद्दल मला शंका यायला हवी होती.

जनुकांचंही तसंच. सोरायसिसचा तो ०६:०२ एचएलएच्या पहिल्या वर्गातला, थायरॉइडच्या आजाराशी जोडलेले डीआर प्रकार मुख्यतः दुसऱ्या वर्गातले. आहेत एकाच पट्ट्यात. हा पट्टा आईकडून एक आणि वडिलांकडून एक असा बहुधा सलग तुकड्यानेच येतो. सख्ख्या भावंडांत दोन्ही तुकडे सारखे असण्याची शक्यता चारात एक, एकही सारखा नसण्याची तेवढीच. आमच्या मुलाने माझ्याकडचा कुठला तुकडा उचलला आणि मुलीने हिच्याकडचा कुठला, हे त्यांच्या तोंडावळ्यावरून सांगता येत नाही आणि चट्ट्यांवरूनही नाही. सीटीएलए-४, पीटीपीएन-२२ ही पट्ट्याबाहेरची जनुकं थायरॉइडच्या बाजूने वारंवार सापडतात. पीटीपीएन-२२ मधला जो बदल टाइप-१ मधुमेह, संधिवात आणि ग्रेव्हज् अशा बऱ्याच स्वयंप्रतिकार आजारांत दिसतो, तो सोरायसिसमध्ये तसा ठामपणे सापडला नाही. टीवायके-२ सारखी काही नावं मात्र दोन्ही याद्यांत येतात. थोडक्यात, दोन आजारांचं नातं आहे, पण सख्खं नाही. थायरॉइडची सोयरीक त्याहून जास्त जमते ती कोडाशी, डोक्यावर पडणाऱ्या चाईशी आणि टाइप-१ मधुमेहाशी. हिच्या मामेबहिणीच्या हातावरचं कोड त्या दृष्टीने माझ्या गुडघ्यापेक्षा बोलकं होतं.

आणि सोरायसिस असलेल्यांत थायरॉइड ‘जास्त’ म्हणताना कुणापेक्षा जास्त, हे मी कधी विचारलं नव्हतं. २०१३ मध्ये आपल्याकडच्या आठ शहरांची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात मुंबई होती, गोवाही होता. ५,३६० प्रौढांपैकी १०.९५ टक्के लोकांचं थायरॉइड मंद निघालं. अँटी-टीपीओ सापडलं ते २१.८५ टक्क्यांत. पाचात एक! म्हणजे सोरायसिसच्या ओपीडीत रांगेतल्या पाच जणांची प्रतिद्रव्यं काढली तर एखादं निघणारच, आणि रांगेबाहेर रिक्षा लावून उभ्या असलेल्या पाच जणांची काढली तरी निघणार. दोन्ही रांगा शेजारी ठेवून मोजलं तरच काही कळतं. तसं मोजलेल्या अभ्यासांतही काहींत फरक ठळक आला, काहींत आला नाही. परळच्या केईएमच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. तिथल्या आणि केईएमच्या मंडळींनी मुंबईतल्या सोरायसिसच्या रुग्णांचे एचएलए प्रकार निरोगी लोकांशी ताडून २०११ मध्ये छापले. काम करायचं ते असं, शेजारी निरोगी माणसं उभी करून. मी घरातल्या आजाऱ्यांकडेच बघत बसलो होतो.

इतकं सगळं कळल्यावर माणूस शहाणा व्हायला हवा. मी दुसऱ्या बाजूने घसरलो.

मुलीचं निदान हुकल्याचा धसका इतका होता की मी घरातल्या सगळ्यांचं रक्त काढलं. मुलगा अंबड एमआयडीसीत नोकरीला, बाविसाव्या वर्षापासून डोक्यात आणि कोपरांवर चट्टे. त्याचा टीएसएच आला ५.८, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह, टी-फोर नेमका मध्यावर. त्याला काही होत नव्हतं. मला मात्र ‘सापडलं’ असं झालं. या वेळी आपण आधी पोचलो! थायरॉक्सिनची बाटली काढली आणि पन्नास मायक्रोग्रॅम सुरू केलं, चिठ्ठी कुणाचीच नाही. काही आठवड्यांनी तो म्हणाला, “बाबा, जिना चढलो की धडधडतं.” खरं तर इथे बाटली परत कपाटात जायला हवी होती. मी तिच्या शेजारची स्ट्रिप काढली, प्रोप्रानोलॉल. धडधड थांबली. आणि त्या हिवाळ्यात त्याचे चट्टे असे फुटले की पाठ, पोट, पोटऱ्या, सगळीकडे खवले. सकाळी अंथरूण झटकलं की फरशीवर भुसा पडायचा. शर्टाच्या आतल्या बाजूला रक्ताचे ठिपके.

मॅडमनी दोन्ही गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या. “बीटा-ब्लॉकरने सोरायसिस चाळवतो, हे मी मेडिकलवाल्याला सांगायचं?”

मला ठाऊक होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, लिथियम, मलेरियाची औषधं आणि बीटा-ब्लॉकर. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर ते दिसलं असतं तर मी डॉक्टरांना फोन केला असता. त्याच महिन्यात निफाडला पारा पार खाली गेला होता आणि नाशिकला ओठ फाटत होते, त्यामुळे सगळा दोष गोळीवर ढकलता येत नाही. थंडीत त्याचे चट्टे दरवर्षीच वाढतात. पण असे कधी वाढले नव्हते. थायरॉक्सिनचाही हात असेल का, असं मी विचारलं. थायरॉइडचं संप्रेरक त्वचेच्या पेशींची वाढ रेटतं. म्हणूनच १९९३ च्या सुमारास अमेरिकेत सोरायसिसच्या काही रुग्णांना थायरॉइड दाबणारं प्रोपिलथायोयुरासिल देऊन पाहिलं गेलं होतं, आणि काहींचे चट्टे ओसरलेही होते. मॅडम म्हणाल्या, “ते कुतूहल म्हणून वाचा. आता तो प्रयोग घरी करू नका.” त्यांना माझी चांगलीच ओळख पटली होती.

५.८ ला काय करायचं, हे त्यांनी आकड्यांत सांगितलं. इंग्लंडमधल्या व्हिकहॅम गावच्या लोकांवर वीस वर्षं नजर ठेवून १९९५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. टीएसएच वाढलेला आणि प्रतिद्रव्यंही असलेल्या बायकांत थायरॉइड पुरतं मंद होण्याचं प्रमाण वर्षाला ४.३ टक्के. नुसती प्रतिद्रव्यं असतील तर २.१. म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव जणींना त्या वर्षी काहीच होत नाही, आणि पुरुषांचा धोका त्याहून कमी. टीएसएच दहाच्या खाली, त्रास काही नाही, तर बघत राहायचं. बाई असेल आणि दिवस गेले असतील तर नियम वेगळे. मुलाच्या दोन्ही गोळ्या सावकाश बंद झाल्या. त्याचा टीएसएच आता चार-पाचच्या आसपास खालीवर करतो आणि त्याला काही वाटत नाही. चट्ट्यांसाठी तो आता त्वचारोगतज्ज्ञांकडे जातो, बापाकडे नाही.

तरी एक शेवटची हौस राहिली होती. लाळ पाठवून जनुकं वाचून देणारी किट मी मागवली. मुलाचं लग्न बघत होतो. वाटलं, कागदावर येईल ते मुलीकडच्यांना दाखवू, आपण लपवलं तसं व्हायला नको. रिपोर्ट रंगीत आला. थायरॉइडच्या पट्टीवर काटा पिवळ्यात, सोरायसिसचा नारिंगीत. मुलाच्या कोपरावर चट्टा असताना काटा लाल नव्हता, त्यावर तो हसला. या पट्ट्या प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या अभ्यासांवरून बेतलेल्या असतात. पीटीपीएन-२२ चा तो प्रसिद्ध बदल तिकडे ठिकठिकाणी सापडतो, आशियात अगदी तुरळक. आपल्या माणसाचा काटा त्यावर कुठे थांबेल त्याला फारसा अर्थ उरत नाही.

मेहुणे द्राक्षवाले. दिवाळीत ते आले तेव्हा मी तो कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उलटसुलट बघितला. “दाजी, डावणी थॉमसनला लागते. म्हणून काय सगळ्या प्लॉटला लागली? छाटणीनंतर पाऊस आला, पान ओलं राहिलं, तर येते. मी वाण विचारून फवारत नाही, आभाळ बघून फवारतो.” मॅडमनी आकड्यांत सांगितलेलं त्यांनी असं उरकलं.

कागद मी कुणाला दाखवला नाही. मुलीकडच्यांना मात्र पहिल्या बैठकीतच सांगितलं, मुलाला सोरायसिस आहे, हाफ शर्ट घालूनच बसलाय. एका घरातून पुन्हा फोन आला नाही. दुसऱ्या घरी मुलीच्या वडिलांनी दोनच प्रश्न विचारले, लागण होते का आणि पगार किती. लागण होत नाही, हे त्यांना मुलीनेच माझ्याआधी सांगितलं. लग्न ठरल्यावर मी विहीणबाईंना त्यांच्याकडच्या थायरॉइडचं विचारलं, तर त्यांना तो संशय वाटला. हिने मला जिन्यात गाठून समजावलं की हे साखरपुड्याला विचारायचं नसतं. बरोबरच होतं तिचं. पण कधी विचारायचं, ते मात्र तिलाही सांगता आलं नाही.

दुकानात आता बायोटिन मागणाऱ्याला मी एवढंच विचारतो की थायरॉइडची तपासणी जवळपास आहे का. असेल तर किमान दोन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबला सांगा. बहुतेकांना त्या प्रश्नाचं काही वाटत नाही. काही जण चिडून पलीकडच्या मेडिकलमध्ये जातात. ‘आयोडीनचं मीठ सोडू का’ असंही विचारणारे येतात, त्यांना नको म्हणतो.

मेहुण्यांची मुलगी, म्हणजे त्याच आवाळूवाल्या आजीची दुसरी नात, यंदा गरोदर राहिली. मी फोन करून म्हटलं, पहिल्या रक्त-तपासणीत टीएसएच लिहून घ्या आणि आजीचं ऑपरेशन डॉक्टरांना सांगा. वहिनींना आवडलं नाही. “आमच्या पोरीला काही झालेलं नाही, भाऊजी.” तरी तपासणी झाली. टीएसएच चांगला, अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह. तिच्या डॉक्टरांनी गोळी दिली नाही. गरोदरपणात अधूनमधून टीएसएच आणि बाळंतपणानंतर सहा आठवडे ते तीन महिन्यांत एकदा, मग सहाव्या महिन्यात पुन्हा, असं फाइलवर लिहून दिलं. मेहुण्यांनी फाइलचा फोटो मला पाठवला आणि पाठोपाठ फोन केला. “बघितलं का, दाजी? नीट आहे ना सगळं? आणि बाळंतीण झाल्यावर केसांचं ते काही पाठवू नका.”